फोनची चिप, फोनचा बाजार आणि पुढं काय: सारखे विचारले जाणारे प्रश्न

"फोन घ्यायचाय, कुठली चिप चांगली?" हा प्रश्न ओळखीपाळखीत सतत येतो आणि त्याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत देता येत नाही, मग त्यातून अजून चार प्रश्न निघतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. जगात विकल्या जाणाऱ्या फोनची संख्या वाढायची थांबलीय, त्यामुळं आता सगळी ओढाताण एका फोनमागं किती पैसे सुटतात यावर चाललीय, आणि चिपवाल्यांच्या भांडणाचं मूळसुद्धा बरेचदा तिथंच सापडतं.

स्मार्टफोनचा बाजार संपत आलाय का?

संपत नाही, तुंबलाय. २०१६ च्या आसपास जगभरात वर्षाला जवळपास १४७ कोटी स्मार्टफोन जात होते, २०२३ ला तो आकडा ११७ कोटीच्या आसपास उतरला आणि नंतर थोडा सावरला. भारतात गेली काही वर्षं वर्षाला १५ कोटीच्या आगेमागेच घुटमळतोय. कारण साधं आहे, ज्यांना घ्यायचा होता त्यांनी घेतला. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा फुकटात जमा झाला आणि घरात एक होता तिथं तीन-चार स्मार्टफोन झाले, पण अशी लाट एकदाच येते. आणि आताचे फोन पटकन मरतही नाहीत, पूर्वी दोन वर्षांत हँग व्हायला लागायचा, आता मधल्या किमतीतला फोनही चार वर्षं आरामात ओढतो, मग माणूस नवीन कशाला घेईल.

मग कंपन्या कमावतात कशावर?

महाग फोनवर. संख्या तीच राहिली तरी सरासरी किंमत वर चाललीय आणि आपल्याकडं तर नो कॉस्ट ईएमआय आणि एक्स्चेंज या दोन गोष्टींनी लोकांच्या डोक्यातला हिशोबच बदलून टाकला. ७० हजार म्हटलं की माणूस दचकतो, महिन्याला तीन हजार म्हटलं की हो म्हणतो. दहा हजाराच्या आतल्या फोनमध्ये मात्र कंपनीला, दुकानदाराला आणि चिपवाल्याला, कुणालाच फारसं काही सुटत नाही, म्हणून त्या किमतीत नवीन काही येणं कमी झालंय.

चिप नक्की कोण बनवतं? क्वालकॉम की टीएसएमसी?

इथं बहुतेकांचा गोंधळ होतो. क्वालकॉम, मीडियाटेक, अ‍ॅपल या कंपन्या चिप डिझाइन करतात, यांचा स्वतःचा कारखाना नाही. कारखाना तैवानच्या टीएसएमसीचा, मॉरिस चँग यांनी १९८७ ला काढलेला, आणि त्यांचा धंदा तेव्हापासून एकच, दुसऱ्यांनी डिझाइन केलेली चिप बनवून द्यायची. सॅमसंग डिझाइनही करते आणि बनवतेही. आणि या सगळ्यांच्या आधी इंग्लंडच्या केंब्रिजमधली आर्म, जी प्रोसेसरचा, म्हणजे चिपमधल्या मेंदूचा, मूळ आराखडा भाड्यानं देते. आयफोन असो की आठ हजाराचा अँड्रॉइड, आतला प्रोसेसर आर्मच्याच आराखड्यावर चालतो.

आणि कारखान्याच्या मागं अजून एक कंपनी आहे जिचं नाव फोनच्या जाहिरातीत कधीच येत नाही, नेदरलँड्सची एएसएमएल. एकदम बारीक चिप छापायला लागणारं ईयूव्ही मशीन जगात फक्त हेच बनवतात. त्या मशीनच्या आत कथिलाचे वितळलेले थेंब सेकंदाला ५०,००० या वेगानं सोडतात आणि प्रत्येक थेंबावर लेसर मारतात, त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), हा प्रकाश काचेतूनही जात नाही, हवेतही शोषला जातो, म्हणून आत निर्वात ठेवून तो आरशांवरून वळवत सिलिकॉनच्या चकतीपर्यंत आणतात. नवीन पिढीचं एक मशीन ३५ कोटी युरोच्या घरात जातं. हे कळलं की "आपण का नाही बनवत चिप" या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं.

३ नॅनोमीटर, ४ नॅनोमीटर हे बघून फोन घ्यावा का?

नको. तो आकडा आता मापाचा राहिलेला नाही, पिढीचं नाव झालंय. त्यापेक्षा चिप कुठल्या कारखान्यात बनली हे बघितलेलं बरं आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण २०२२ चं आहे. क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८ जेन १ सॅमसंगच्या ४ नॅनोमीटरवर बनली होती आणि ती इतकी तापायची की गेम खेळताना काही मिनिटांत फोन स्वतःहूनच स्पीड कमी करायचा. मग त्याच वर्षाच्या मध्यात क्वालकॉमनं जवळपास तेच डिझाइन टीएसएमसीकडून बनवून घेतलं, नाव दिलं ८ प्लस जेन १, आणि ती चिप निवांत चालली. दोन्हींच्या खोक्यावर ४ नॅनोमीटरच. आजही कुणी जुना फ्लॅगशिप स्वस्तात घेत असेल तर मी हा 'प्लस' आहे का एवढं बघायला सांगतो.

मीडियाटेक म्हणजे हलकी आणि स्नॅपड्रॅगन म्हणजे भारी, बरोबर ना?

हे दहा वर्षांपूर्वीचं आहे हो. तेव्हा खरं होतं. मीडियाटेक १९९७ ला तैवानच्या शिंचूमध्ये सुरू झाली, आधी सीडी-डीव्हीडी ड्राइव्हच्या चिप्स बनवायची, मग मोबाइलमध्ये आली आणि शेनझेनच्या छोट्या-छोट्या फोनवाल्यांना त्यांनी चिपसोबत सर्किटचा आराखडा आणि सॉफ्टवेअर असं सगळंच दिलं, मसाल्याचं तयार पाकीट असतं तसं, तुम्ही फक्त पाणी घाला. आपल्याकडं २००८-१० ला जे दोन सिमवाले, मोठ्या स्पीकरचे, टॉर्चवाले चायना फोन आले होते ते बहुतेक याच पाकिटातून आले. त्यातूनच मीडियाटेक म्हणजे स्वस्तातलं हा शिक्का बसला.

पण २०१९ च्या शेवटी त्यांनी डायमेन्सिटी ही चिपची नवी मालिका काढली आणि २०२० मध्ये संख्येत क्वालकॉमला मागं टाकलं. आता डायमेन्सिटी ९००० च्या पुढची मालिका स्नॅपड्रॅगन ८ च्या तोडीस तोड आहे, कधी हा पुढं कधी तो. संख्येत मीडियाटेक पुढं असली तरी महागड्या अँड्रॉइडमधला पैसा अजून जास्त करून क्वालकॉमकडं जातो.

खरी फसवणूक होते ती नावांत आणि त्यात दोघंही सारखेच. डायमेन्सिटी ८१० ला नवीन नाव दिलं ६०८०. त्यांचीच हीलिओ जी१०० म्हणजे थोडाफार फरक करून जी९९ च. स्नॅपड्रॅगन ८एस जेन ३ मधला तो 'एस' वाचायचा राहिला तर तुम्ही ८ जेन ३ समजून एक पायरी खालची चिप घेऊन घरी येता आणि दुकानदार तर तो एस उच्चारतच नाही.

पूर्वी किती कंपन्या होत्या, त्या सगळ्या गेल्या कुठं?

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं २०१२ ला फोनच्या चिप्समधून अंग काढलं, एसटी-एरिक्सन २०१३ ला बंद झाली, ब्रॉडकॉम २०१४ ला, एनव्हीडियानं टेग्रा घेऊन फोनमध्ये घुसायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला, इंटेलनं २०१६ ला हात टेकले. बहुतेकांना नडला तो मोडेम, म्हणजे फोनला नेटवर्कशी जोडणारा भाग. प्रोसेसर बरेच जण बनवू शकतात पण २जी पासून ५जी पर्यंत सगळं सांभाळणारा, प्रत्येक देशाच्या प्रत्येक नेटवर्कवर तपासलेला, बॅटरी न खाणारा मोडेम बनवणं हे वेगळंच प्रकरण आहे. आता बाहेर चिप विकणाऱ्या मोठ्या अशा दोनच, क्वालकॉम आणि मीडियाटेक, आणि खालच्या किमतीत चीनची युनिसॉक. एनव्हीडियाचं मात्र भलं झालं म्हणायचं, फोन सोडला आणि बाकी काय झालं ते तुम्हाला माहितीच आहे.

मग अ‍ॅपल, गूगल, शाओमी स्वतःची चिप कशाला बनवतायत?

अ‍ॅपलचं सोपं आहे. २०१० च्या ए४ पासून ते करतायत आणि त्यांचा प्रत्येक फोन महागच असतो त्यामुळं डिझाइनचा खर्च वसूल होतो. तरी मोडेमसाठी त्यांना क्वालकॉमच्या दारात उभं राहावं लागायचं. दोघांची कोर्टात जोरदार जुंपली, एप्रिल २०१९ ला तडजोड झाली आणि त्याच वर्षी अ‍ॅपलनं इंटेलचा मोडेमचा धंदा १०० कोटी डॉलरला विकत घेतला. त्यातून पहिला स्वतःचा मोडेम सी१ बाहेर आला फेब्रुवारी २०२५ ला, आयफोन १६ई मध्ये. म्हणजे अ‍ॅपलसारख्या कंपनीला, पैसा ओतून, तयार माणसं विकत घेऊन साडेपाच वर्षं लागली, यावरून समजा.

गूगलची टेन्सर २०२१ पासून आहे, चार पिढ्या सॅमसंगकडं बनवून पाचवी टीएसएमसीकडं नेली. शाओमीनं २०१७ ला एकदा प्रयत्न केला, थांबले, आणि मे २०२५ ला ३ नॅनोमीटरची एक्सरिंग ओ१ आणली, पण तिच्यातही मोडेम वेगळा मीडियाटेकचा लावलाय.

आणि ओप्पोचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. झेकू नावाची चिप कंपनी त्यांनी २०१९ ला काढली, सुमारे ३,००० माणसं घेतली आणि मे २०२३ ला एका झटक्यात बंद केली, मुख्य प्रोसेसर बाजारात यायच्या आतच. फोनच खपत नसतील तर चिपचा खर्च कुठून काढणार. त्यामुळं उद्या सगळ्याच कंपन्या स्वतःची चिप बनवतील असं कुणी म्हणत असेल तर मला पटत नाही, दोन-तीन बनवतील, तेही महाग फोनपुरतं.

म्हणजे क्वालकॉमचं अवघड आहे?

अ‍ॅपल जाणार हे त्यांना केव्हाच माहिती होतं, मोडेम पुरवण्याचा करार २०२६ च्या फोनपर्यंतचाच होता. पण क्वालकॉमचे दोन धंदे आहेत हे लोक विसरतात. एक चिप विकणं आणि दुसरा पेटंटचं भाडं घेणं, आणि हा दुसरा फार खमंग आहे, कारण फोनमध्ये चिप मीडियाटेकची असली तरी क्वालकॉमला पैसे द्यावे लागतात. २०१७-१८ ला त्यांनी ५जी चा दर जाहीर केला होता, ३जी-४जी सकट चालणाऱ्या फोनला किमतीच्या ३.२५ टक्के आणि किंमत जास्तीत जास्त ४०० डॉलर धरायची. म्हणजे वरची मर्यादा १३ डॉलर, आजच्या भावानं हजार-बाराशे रुपये, एका फोनमागं, काहीही न बनवता. अमेरिकन सरकारनं यावर केस केली, २०१९ ला खालच्या कोर्टात जिंकली आणि २०२० ला वरच्या कोर्टात हरली.

बाकी ते गाड्यांच्या स्क्रीनमध्ये घुसलेत, लॅपटॉपमध्ये २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स घेऊन आलेत. २०२१ ला नुव्हिया नावाची कंपनी १४० कोटी डॉलरला घेतली होती, अ‍ॅपलच्या चिप बनवणाऱ्या जुन्या माणसांनी काढलेली, तिचंच डिझाइन आता स्नॅपड्रॅगन ८ एलिटमध्ये आहे. यावर आर्म चिडली, की आमचा करार नुव्हियाशी होता तुमच्याशी नाही, कोर्टात खेचलं, आणि डिसेंबर २०२४ ला डेलावेअरच्या ज्युरीनं बहुतांशी क्वालकॉमच्या बाजूनं निकाल दिला. तेव्हा बुडणार वगैरे काही नाही, फक्त फोनवर पोट कमी राहील.

सॅमसंगचा फोन घेताना एक्सिनॉस आहे का बघावं का?

बघावं. एस२३ ला भारतात स्नॅपड्रॅगन होती, एस२४ आणि एस२४ प्लसला सॅमसंगची स्वतःची एक्सिनॉस, एस२५ ला परत स्नॅपड्रॅगन, असा लपंडाव चालू असतो. एक्सिनॉस पूर्वीइतकी वाईट राहिलेली नाही, पण तेवढेच पैसे मोजून आपल्याला वेगळी चिप का हा राग योग्यच आहे.

अमेरिकेनं बंदी घातली तरी चीनची फोन कंपनी हुवावे परत कशी आली?

२०१९ ला बंदी, २०२० ला टीएसएमसीचा पुरवठाही तोडला, सगळ्यांना वाटलं संपले. आणि ऑगस्ट २०२३ ला, अमेरिकेच्या वाणिज्य मंत्री जिना रायमोंडो चीनच्या दौऱ्यावर असतानाच, हुवावेनं मेट ६० प्रो विक्रीला काढला. आत किरिन ९०००एस, बनवलेली चीनच्याच एसएमआयसीनं, ७ नॅनोमीटरच्या पातळीवर, आणि ईयूव्ही मशीन मिळत नसल्यामुळं जुन्या मशीनवरच एकेक थर पुन्हा पुन्हा छापून. असं केलं की चिप महाग पडते आणि खराब निघायचं प्रमाण वाढतं, पण मागं सरकार उभं असलं की नफ्याची घाई नसते. आपल्याकडं हुवावेचे फोन मिळत नाहीत म्हणून हे लांबचं वाटतं, पण चीनमध्ये यांनी अ‍ॅपलचा घास खाल्लाय, आणि उद्या स्वस्त चिनी चिप्स मोठ्या प्रमाणात बाहेर पडल्या तर मीडियाटेकला पहिला फटका बसेल.

सगळे फोन अचानक महाग का झाले? डॉलरमुळं?

थोडं डॉलरमुळं, जीएसटी तर एप्रिल २०२० लाच १२ चा १८ टक्के झाला होता, पण २०२५ च्या शेवटापासून जे चाललंय ते मेमरीमुळं. रॅम मुख्यत्वे तीन कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना एचबीएम नावाची खास मेमरी लागते, तिच्यात पैसा बक्कळ, आणि ती बनवायला तेवढ्याच क्षमतेच्या साध्या रॅमपेक्षा जवळपास तिप्पट सिलिकॉन जातं. मग हे तिघं फोनची रॅम कशाला जास्त बनवतील? मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ ला क्रुशियल हा सामान्य गिऱ्हाइकाचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

महाग फोनवर याचा परिणाम कमी जाणवतो, दहा-पंधरा हजाराच्या फोनचं मात्र कंबरडं मोडतं, कारण तिथं मेमरीचाच वाटा मोठा असतो. कंपनीसमोर दोन वाटा, किंमत वाढवा नाहीतर ६ जीबीचा ४ जीबी करा. दुसरी वाट जास्त वापरतात, तेव्हा नवीन मॉडेल म्हणून घेताना मागच्या वर्षीच्या मॉडेलची रॅम एकदा बघून घ्या.

एआय फोन म्हणजे नक्की काय? त्यासाठी नवीन चिप लागते का?

फोटोतून माणूस पुसायचा, फोनवर बोललेलं लिहून घ्यायचं वगैरे. त्यातलं बरंच सर्व्हरवर होतं, त्याला तुमची चिप कशी का असेना. फोनच्या आत चालवायचं तर चिपपेक्षा रॅम आधी अडते. अ‍ॅपल इंटेलिजन्स, म्हणजे अ‍ॅपलच्या एआय सोयी, ८ जीबीच्या आयफोन १५ प्रो ला मिळालं आणि ६ जीबीच्या आयफोन १५ ला नाही, वर्षभरात शिळा झाला बिचारा. एआय बघून फोन बदलावा असं मला तरी अजून एकही काम दिसलेलं नाही.

स्वस्तातला ५जी फोन घेतला पण ५जी येतच नाही, चिप खराब आहे का?

खराब नाही, अर्धी आहे. आपल्याकडं ५जी दोन पद्धतीनं आलं. जिओनं एसए लावलं, म्हणजे पूर्ण स्वतंत्र ५जी, आणि एअरटेलनं सुरुवात एनएसए नं केली, म्हणजे ४जी च्या आधारानं चालणारं. क्वालकॉमनं २०२४ ला एकदम स्वस्त फोनसाठी स्नॅपड्रॅगन ४एस जेन २ काढली आणि ती घेऊन ८,४९९ ला रेडमी ए४ ५जी आला, पण त्यात फक्त एसए. त्यामुळं जिओवर ५जी मिळालं आणि एअरटेलच्या एनएसएवर नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात ५जी लिहिलेलं असतं, हे बारीक अक्षरात असतं. दहा हजाराच्या आत फोन घेताना दुकानात आपलं सिम टाकून बघा, दुकानदारानं तोंड वाकडं केलं तरी चालेल.

भारतात फोनची चिप बनणार का? आणि महाराष्ट्रात?

फोन जुळवणं आणि चिप बनवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयफोन तामिळनाडू-कर्नाटकात जुळवले जातात, त्यातली चिप तैवानहून येते. डिझाइनचं काम मात्र इथं खूप चालतं, क्वालकॉम आणि मीडियाटेक दोघांचीही बंगळुरूत मोठी ऑफिसं आहेत, आपली मराठी पोरंही तिथं आहेत, फक्त चिपवर नाव कंपनीचं असतं.

कारखान्याचं बघायचं तर टाटा आणि तैवानची पॉवरचिप मिळून गुजरातेत धोलेराला ९१,००० कोटींचा प्रकल्प उभा करतायत, तिथं २८ ते ११० नॅनोमीटरच्या चिप्स होतील. त्या गाड्यांना, चार्जरला, डिस्प्ले चालवणाऱ्या सर्किटला लागतात, फोनच्या मुख्य प्रोसेसरला नाही. म्हणजे कमी दर्जाचं असं नाही, अशा बारीकसारीक चिप्स एका फोनमध्ये बऱ्याच असतात, पण "भारतीय स्नॅपड्रॅगन" म्हणून जे फॉरवर्ड फिरतात ते सोडून द्या. मोहालीला बनलेला विक्रम ३२०१ सुद्धा इस्रोच्या रॉकेटसाठीचा आहे, १८० नॅनोमीटरवरचा, त्याचं काम वेगळं.

महाराष्ट्राचं दुखणं सगळ्यांना माहिती आहे. वेदांता-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा प्रकल्प तळेगावला येणार म्हणून चर्चा होती, सप्टेंबर २०२२ ला तो गुजरातला गेला, राजकारण पेटलं, आणि जुलै २०२३ ला फॉक्सकॉननं त्यातूनच अंग काढून घेतलं, म्हणजे ज्याच्यावरून भांडलो ते तिथंही उभं राहिलं नाही. सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारनं तळोज्याजवळ अदानी आणि इस्रायलच्या टॉवर सेमीकंडक्टर या चिप कंपनीच्या ८३,९४७ कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. मंजुरी आणि चिप यांच्यात बरीच वर्षं असतात, मी मशीनं आत गेल्याशिवाय आकड्यांवर विश्वास ठेवत नाही.

तैवानला काही झालं तर?

तर फोन विसरा, गाड्या-टीव्ही-सर्व्हर सगळंच अडेल. म्हणूनच टीएसएमसी अमेरिकेत अ‍ॅरिझोनाला कारखाने काढतेय, पण सगळ्यात नवीन पिढी पहिल्यांदा तैवानातच निघते आणि तैवान सरकारलाही ते तसंच हवंय.

मग आत्ता घेऊ की थांबू?

चालू फोन चालतोय तर बॅटरी बदला आणि थांबा, मेमरीचे भाव बघता नवीन मॉडेलकडून स्वस्ताईची अपेक्षा नाही. फोन खरंच मेलाय तर थांबून काही फायदा नाही, आजच्यापेक्षा दोन महिन्यांनी महागच मिळेल.

घेताना चिपच्या नावाआधी अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. अपडेट पूर्वी लवकर बंद व्हायचे त्याचं एक मोठं कारण चिपवालेच होते, ते जुन्या चिपचं सॉफ्टवेअर सांभाळणं सोडायचे आणि फोन कंपनीचा नाइलाज व्हायचा. आता गूगल पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंग एस२४ पासून सात वर्षं देतात, गॅलेक्सी ए१६ ५जी सारख्या साध्या फोनलाही सहा वर्षं कबूल केलीयत, आणि फेब्रुवारी २०२५ ला क्वालकॉमनं गूगलबरोबर मिळून ८ एलिटपासून पुढच्या चिप्सना आठ वर्षांपर्यंत अपडेटची सोय करून ठेवलीय. अर्थात चिपवाल्यानं सोय केली म्हणून फोन कंपनी देईलच असं नाही, तिनं स्वतः किती वर्षं लिहून दिलीयत तेच धरा. माझ्या हिशोबात वीस हजाराचा सहा वर्षं अपडेटवाला फोन हा तीस हजाराच्या तीन वर्षंवाल्यापेक्षा बरा, चिप एक पायरी खाली असली तरी. गेम खेळणाऱ्या पोरांना हे पटणार नाही, त्यांनी डायमेन्सिटी ८००० मालिकेतलं काहीतरी बघा आणि कव्हर काढून खेळा.

फोन जाऊन चष्मा येईल म्हणतात, खरं का?

येईल तेव्हा बघू. त्यातही चिप क्वालकॉमचीच असते सध्या, मेटाच्या रे-बॅन या स्मार्ट चष्म्यात स्नॅपड्रॅगनच आहे, आणि तो चालवायला खिशात फोन लागतोच.